रिंगणाच्या काठावर

हे मनन घाईत वाचू नका. जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरंच थांबा, वाक्य पुन्हा वाचा, नजर खिडकीबाहेर जाऊ द्या. साक्री तालुक्यात जो बँकेत, तहसील कचेरीत, दवाखान्यात, शाळेत किंवा पवनचक्कीच्या साइटवर नोकरी करतो, किंवा संध्याकाळी मैदानावर पोरांकडून कबड्डीचा सराव करून घेतो, त्याच्यासाठी हे लिहिलं आहे. दुसऱ्या तालुक्यातल्या वाचकाने आपल्या भोवतीच्या डोंगरांची आणि माणसांची नावं घालून ते करावं.

सुरुवात पायांपासून करू. चप्पल-बूट काढून ठेवा. तळवे जमिनीला लागू द्या. फरशी असेल तर तिचा गारवा जाणवेल, शेणाने सारवलेली जमीन असेल तर फारच छान. श्वास त्याच्या चालीने चालू द्या. पाय कशावर टेकले आहेत, एवढंच थोडा वेळ मनात राहू द्या.

आता सिडनीचं क्रिकेट मैदान आठवा. २७ नोव्हेंबर २०२०, भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला पहिला एकदिवसीय सामना. खेळ सुरू होण्याआधी खेळाडू बूट काढून अनवाणी गोल करून उभे राहिले. ज्या भूमीवर खेळायचं, तिथे हजारो वर्षं नांदलेल्या लोकांचं स्मरण करायचं, म्हणून. गोऱ्या वस्तीने ज्यांच्या जमिनी घेतल्या, ज्यांची मुलं आईबापांपासून तोडली, त्या अ‍ॅबोरिजिनल लोकांविषयी तिथल्या कचेऱ्या, कारखाने आणि क्रीडा मंडळं आता शिकू पाहतात. त्यासाठी कार्यक्रम आखले जातात, चित्रकार बोलावले जातात, जाणते वडीलधारे बोलावले जातात. अनवाणी गोल हा त्याच शिकण्याचा एक भाग. आपल्यातल्या पुष्कळांनी तो घरात बसून टीव्हीवर पाहिला.

ते मैदान तसंच मनात राहू द्या आणि साक्री तालुक्यातल्याच पिंपळनेरच्या पश्चिमेला चला.

मार्गशीर्ष महिना. हातपाय कापायला लावणारी थंडी. कोकणा आदिवासींच्या गावांत डोंगऱ्यादेवाचं व्रत सुरू झालेलं असतं. व्रत धरणाऱ्यांना माऊली म्हणतात. त्या दिवसांत ते घरापासून वेगळे राहतात, पथ्यं पाळतात, थंड पाण्याने अंघोळ करतात. रात्री खळीवर रिंगण धरून नाचतात. मध्ये पावरी वाजत असते. तिच्याकडे जरा जवळून पाहा. सुकवून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने घट्ट बसवलेल्या वेळूच्या नळ्या, आणि टोकाला शिंगासारखा उघडत गेलेला कर्णा. वाजवणारा गाल फुगवून फुंकतो आणि त्याच वेळी नाकाने हवा आत ओढतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तो तुटला तर नाचणाऱ्यांची पावलं अडखळतील. रात्रभर इतक्या पावलांचा भार एका माणसाच्या श्वासावर असतो.

ही सगळी माणसं अनवाणी असतात. व्रत सुटेपर्यंत, काट्याकुट्यांतून, दवाने भिजलेल्या रानातून, दगडधोंड्यांच्या चढावरून. पौर्णिमेच्या सुमारास डोंगरावर, देवाच्या गुहेकडे जातात. तिथे काय होतं ते मी इथे लिहीत नाही. ते ज्यांचं आहे त्यांनी सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर तेवढ्यावर राहायचं.

इथे थांबा. पाय अजून जमिनीवरच आहेत ना? सिडनीच्या हिरवळीवरचे पाय आणि पिंपळनेरच्या डोंगरवाटेवरचे पाय मनात शेजारी शेजारी ठेवा. त्यांची तुलना करू नका, कोण मोठं ते ठरवू नका. दोन्ही पाय दिसू द्या, पुरे.

आता त्या माऊलींपैकी एकाच्या घराकडे मन न्या. समजा त्याचा मुलगा तुमच्याच कचेरीत कारकून आहे. शिकला, परीक्षा दिल्या, नोकरीला लागला, साक्रीत खोली घेऊन राहतो. मार्गशीर्षात तो रजेचा अर्ज देतो. अर्जात कारण लिहितो, ‘घरगुती काम’.

हे दोन शब्द मनात धरून ठेवा. घाई करू नका.

गणपतीला, दिवाळीला, लग्नसराईला रजा मागताना तुम्ही कारण काय लिहिता? ‘गणेशोत्सवासाठी’ असं सरळ लिहिता. समोरच्याला ते कळतं. ‘कोणाकडे बसतो गणपती?’ म्हणून तो विचारतोही. मग ह्या मुलाला ‘डोंगऱ्यादेवासाठी’ असं लिहावंसं का वाटलं नसेल? त्याला कोणी हसलं असेलच असं नाही. बहुतेक वेळा हसत कोणी नाही. फक्त इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून कोणी कधी विचारलेलं नसतं. मला वाटतं, कामाच्या जागी एकमेकांची संस्कृती समजून घ्यायचा कार्यक्रम करायचा असेल तर पडदा, प्रोजेक्टर आणि पाहुणे वक्ते नंतर. आधी हा अर्ज. मार्गशीर्षात कोणाला रजा लागते, वाघबारशीला कोण गावी जातं, होळीला कोण थांबत नाही, हे साहेबांच्या कॅलेंडरवर आधीच लिहिलेलं असावं. आणि पुढच्या वर्षी शेजारच्या टेबलावरून कोणी खानदेशी तोंडाने विचारावं, ‘दादा, यंदा तुमना गावमा देव शे का?’

हा प्रश्न मनातल्या मनात एकदा म्हणून पाहा. मोठ्याने नको. म्हणताना कुठे अवघड वाटतं, ते पाहा.

श्वास घ्या. आता नजर भिंतीकडे वळवू.

आपल्याकडच्या सरकारी इमारतींच्या, शाळांच्या, रेल्वे स्टेशनांच्या भिंतींवर एक चित्र हमखास असतं. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघा, त्रिकोणी अंगाची माणसं, हातात हात, गोल गोल फिरणारा नाच. ‘आदिवासी कला’ म्हणून ते काढलं जातं. चित्र सुंदर आहे, त्यात शंका नाही. पण ते वारल्यांचं आहे. डहाणू, तलासरी, जव्हार भागातल्या वारल्यांचं. महाराष्ट्रात अनुसूचित जमाती ४५. साक्रीच्या भोवती नांदतात ते कोकणा, भिल्ल, मावची. त्यांच्या भिंती, त्यांची वाद्यं, त्यांचे देव वेगळे, बोली वेगळ्या. कोकणांची बोली अहिराणी नव्हे आणि गोव्याची कोकणीही नव्हे. विधानसभेचा साक्री मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, इतकी ही वस्ती मोठी. तरी साक्रीतल्या एखाद्या कचेरीने ‘आपल्या आदिवासी बांधवांच्या सन्मानार्थ’ भिंत रंगवायची ठरवली की रंगारी वारली माणसंच काढून जातो, आणि समोरून जाणाऱ्या कोकणा बाईला त्यात आपलं काही ओळखू येत नाही.

ऑस्ट्रेलियातही असंच घडत आलं आहे. युरोपीय लोक आले तेव्हा तिथे अडीचशेहून अधिक भाषा होत्या. पण ‘अ‍ॅबोरिजिनल चित्र’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ठिपक्यांची चित्रंच येतात. ती मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या लोकांची. पापुन्या या वस्तीत १९७१ साली शाळेचे शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनाने तिथल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या कथेचं चित्र काढलं आणि तिथून ही चळवळ वाढली. पण त्याची दुसरी बाजू फार थोड्या कार्यक्रमांत सांगितली जाते. सुरुवातीच्या काही फलकांवर अशा गोष्टी उतरल्या होत्या, ज्या त्यांच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी पाहायच्या नसतात. चित्रं बाहेर गेली, इतर वस्त्यांतल्या जाणत्यांनी हरकत घेतली. मग चित्रकार सावध झाले. जे दाखवायचं नाही ते वगळलं, झाकलं, आणि ठिपक्यांनी पट भरत गेला.

वारली चित्राकडे परत या. आता ते भिंतीवर नाही, घरात आहे असं समजा. लग्नघर. कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात फिरवलेला. सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघाट देवी असते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. हे चित्र शोभेचं नाही, ते लग्नविधीचाच भाग आहे. कधी काढायचं, कोणी काढायचं, हे ठरलेलं. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे पोचले, कागद-रंग दिले गेले आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे रोज चित्र काढू लागले. लग्न नसतानाही. पुरुष असूनही. रीत बदलली, पण ती त्यांच्या घरातल्याच माणसाने, आपल्या हाताने बदलली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्याआधीच, २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे ही कला कोणाची, याची कायद्यात नोंद झाली. कचेरीच्या भिंतीवरच्या चित्राखाली मात्र अजूनही बहुधा रंगाच्या कंपनीचं नाव असतं, चित्रकाराचं नसतं.

तुमच्या कामाच्या जागेची एकेक भिंत मनात आठवा. कोणती चित्रं आहेत? कोणी काढली? नाव माहीत नसेल तर तसंच राहू द्या आणि पुढे चला. उद्या विचारता येईल.

आता जरा दूर जायचं आहे, दीडशे वर्षं मागे.

१८६८ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेला पहिला क्रिकेट संघ अ‍ॅबोरिजिनल खेळाडूंचा होता. कर्णधार मात्र इंग्रज, चार्ल्स लॉरेन्स. ४७ सामने खेळले. १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित राहिले. त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू जॉनी मुलाघ. त्याचं खरं नाव उनारीमिन. त्या एका दौऱ्यात त्याने १६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले. त्यांच्यातला एक खेळाडू, किंग कोल म्हणून ओळखला जाणारा, लंडनमध्येच वारला आणि तिथेच पुरला गेला.

पण मनन करायचं आहे ते सामना संपल्यानंतरच्या वेळेवर. खेळ आटोपला की त्याच खेळाडूंना बूमरँग आणि भाले फेकून दाखवावे लागत. डिक-अ-डिक नावाचा खेळाडू हातात अरुंद ढाल घेऊन उभा राहायचा आणि लोक त्याच्यावर क्रिकेटचे चेंडू मारायचे. तो चुकवायचा. लोक टाळ्या वाजवायचे.

तुम्ही त्या गर्दीत उभे आहात असं समजा. दुपारभर तुम्ही त्याला खेळाडू म्हणून पाहिलंत, चांगल्या फटक्याला दाद दिलीत. आता तोच माणूस तमाशा झाला. त्याच्या हातातली ढाल तीच, जी त्याच्या गावात वेगळ्या कामाची होती. टाळ्या त्याच हातांच्या. काय बदललं?

इथे पुष्कळ वेळ थांबा. मला या प्रश्नाचं एकच एक उत्तर सापडत नाही, पण शोधताना दरवेळी दोन गोष्टी हाती लागतात. दाखवायचं की नाही, हे त्याने ठरवलेलं नव्हतं. आणि चेंडू फेकणाऱ्याला त्याचं खरं नाव ठाऊक नव्हतं.

मेलबर्नला नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणाऱ्या कसोटीत सर्वोत्तम खेळाडूला आता मुलाघ पदक देतात. त्या १८६८च्या संघाच्या कमरपट्ट्यावर जी बकल होती, तिच्यावरून ते घडवलं आहे. ते पहिल्यांदा दिलं गेलं २०२० साली, आणि मिळालं आपल्या अजिंक्य रहाणेला. नगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यात जन्मलेला हा खेळाडू तेव्हा संघाचं नेतृत्व करत होता. त्याने पहिल्या डावात ११२ धावा केल्या, भारत आठ गड्यांनी जिंकला. त्या दिवशी आपण सगळे त्याच्या शतकाबद्दल बोललो, ते योग्यच होतं. पण त्याच्या गळ्यातलं पदक कोणाच्या नावाने होतं, तेही आज आठवू. उनारीमिन. तोंडाने एकदा म्हणा.

आता पुन्हा आपल्या भागात. चैत्र-वैशाखातली रात्र. शेतं मोकळी आहेत, पावसाला वेळ आहे. सुरगाणा-पेठेकडे, डांगात, आपल्याकडच्या कोकणा पट्ट्यातही भोवाडा होतो. टेंभे पेटतात, संबळ आणि सनई वाजते, आणि एकेक सोंग रिंगणात येतं. गणपती येतो, रावण येतो, नरसिंह, खंडेराव, देवी. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठे मुखवटे, भडक रंगांचे. त्यांतला एक मुखवटा हातात घेतल्याची कल्पना करा, पण थांबा, अजून घेऊ नका. अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याचा असतो, बापाकडून मुलाकडे येतो. ज्याचा मान तोच ते घालतो, आणि घालण्याआधी मुखवट्याची पूजा होते. वर्षभर तो घरात जपून ठेवलेला असतो. म्हणजे तुमच्या हातात तो येणारच असेल तर त्या घराने दिला म्हणून येईल.

हात मनातल्या मनात मागे घ्या. कसं वाटतं, ते पाहा. आपल्याला सगळं पाहायला, धरायला, फोटो काढायला मिळालंच पाहिजे ही सवय किती खोल गेली आहे, ते इथे कळतं.

आता कचेरीचं स्नेहसंमेलन आठवा. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, किंवा वार्षिक कार्यक्रमात ‘आदिवासी नृत्य’ असतं. पोरं भाड्याचे कपडे घालतात, चेहऱ्याला काळं फासतात, कमरेला पालापाचोळा बांधतात. माझं मत स्पष्ट आहे. हे बंद व्हायला हवं. यात कोणाची ओळख होत नाही, आणि समोर बसलेल्या भिल्ल शिपायाच्या मुलीला आपली जागा कुठे आहे ते मात्र पक्कं कळतं. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी व्यासपीठावर कोण चढतं आणि खाली कोण बसून राहतं, याविषयी ‘स्टेज’ नावाची कविता लिहिली आहे. कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीने आधी ती वाचावी. पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिचं संग्रहालय पाहण्यासारखं आहे, अधिकाऱ्यांची प्रशिक्षणंही ती घेते. पण पुण्याला जाण्याआधी पिंपळनेरची एस.टी. आहे.

एक डोंगर उरला आहे.

ब्राह्मणवेलच्या बाजूला डोंगरांवर पवनचक्क्यांची रांग लागली आहे, देशातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांपैकी ते एक. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ साली उभा राहिला. तिथे तमिळनाडूतून, गुजरातेतून, विदर्भातून इंजिनिअर येतात. कामावर रुजू झाल्या दिवशी त्यांना हेल्मेट, दोर, विजेचे धोके, उंचीवरचं काम, सगळं शिकवतात. प्रत्येक पवनचक्कीला क्रमांक असतो.

तुम्ही तो नवा इंजिनिअर आहात असं समजा. गाडीतून उतरलात, वारा अंगावर येतो. तुमच्या नकाशात या जागेची उंची आहे, वाऱ्याचा सरासरी वेग आहे, रस्त्याचा चढ आहे. ही माहिती खरी आहे आणि तिच्यावर घरोघरचे दिवे लागतात. आता खालच्या पाड्यावरचा म्हातारा गुरं घेऊन वर येतो. त्याच्याकडेही या डोंगराची माहिती आहे. कुठल्या झऱ्याला कधीपर्यंत पाणी असतं, कुठे वाघदेवाचा दगड आहे, कुठल्या धारेवर चप्पल काढायची, कुठून बाईमाणसाने जायचं नाही. ही माहिती कुठल्याच नकाशात नाही.

‘बाबा, या डोंगराला गावात काय म्हणता?’

एवढं विचारा आणि बाकीचं त्याच्यावर सोडा. तो सांगेल, नाही सांगेल, हसून पुढे जाईल. सांगितलं तर नाव त्याच्याच उच्चाराने लिहून घ्या. रुजू होण्याच्या दिवशीच्या शिकवणीत हेल्मेटच्या शेजारी हे नाव यावं, डोंगरावर पाय कुठे ठेवायचा नाही तेही यावं, आणि ते सांगायला त्या पाड्यावरच्याच कोणाला मानधन देऊन बोलवावं. सुरक्षा अधिकाऱ्याचा वेळ जसा पगारी, तसा त्याचाही.

शेवटी मैदानावर या. संध्याकाळ, चुन्याने आखलेलं कबड्डीचं अंगण, घामाने भिजलेली पोरं. मंडळाला नवी जर्सी शिवायची आहे आणि कोणीतरी म्हणालं, ‘आदिवासी डिझाइन घेऊ, मस्त दिसेल.’ ऑस्ट्रेलियाच्या संघाने भारताविरुद्ध २०२०च्या डिसेंबरमध्ये अशीच जर्सी घातली होती. तिचं चित्र काढणाऱ्या दोघींपैकी फिओना क्लार्क ही १८६८च्या संघातल्या एका खेळाडूच्या वंशातली. चित्रात त्या संघाची आणि आजच्या खेळाडूंची कथा होती. म्हणजे चित्र काढणारीला ते काढण्याचं नातं होतं.

तुमच्या संघात कोकणा, भिल्ल, मावची घरची पोरं असतील. साक्रीत नसतील असं होणार नाही. सरावानंतर गोल करून बसा, सगळ्यांनीच. त्यांना विचारा, तुमच्या गावात असं कोण आहे, जो चित्र काढतो, मुखवटे रंगवतो, पावरी बांधतो? त्याच्याकडे त्या पोरासोबत जा, रिकाम्या हाताने जाऊ नका. काय हवं ते सांगा आणि जर्सीवर काय चालेल, काय चालणार नाही, ते त्याला ठरवू द्या. ठरलेले पैसे आधी द्या. कॉलरच्या आतल्या बाजूला त्याचं नाव आणि गाव छापा. आणि तो म्हणाला, ‘नाही दादा, हे कपड्यावर घालायचं नसतं,’ तर साध्या निळ्या जर्सीत खेळा, आणि त्याला पहिल्या सामन्याला बोलवा.

पाय अजून जमिनीवर असतील. उठा तेव्हा हळूच उठा.